मार्करवर लिहायला लागलो तेव्हा

सव्वादोन तासांची मुलाखत, दोन कॅमेरे, आवाज वेगळा रेकॉर्ड केलेला, आणि त्यातून काढायची होती १८ मिनिटांची फिल्म. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्डवरचं एम दाबलं की त्या जागी एक खूण पडते, तिला मार्कर म्हणतात. पहिले दोन दिवस ऐकता ऐकता मी नुसतं एम दाबत गेलो. वाक्य आवडलं, एम. काही खटकलं, एम. तिसऱ्या दिवशी प्रोजेक्ट उघडलं तर टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे क्रमाने मांडायच्या पट्टीवर, हिरव्या खुणांची रांग लागलेली, आणि कुठली कशासाठी केली होती ते काही केल्या आठवेना. सगळं पुन्हा ऐकावं लागलं.

तेव्हापासून एम दोनदा दाबतो. प्रीमियर प्रो असो की डाविंची रिझॉल्व्ह, दोन्ही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्यांदा दाबलं की लिहायची चौकट उघडते. तिथे 'छान' किंवा 'बघणे' लिहून उपयोग नाही. पुढे काय करायचं ते लिहायचं. 'चष्मा काढतात, खुर्ची करकरते, आवाज झाकणे.' एवढं लिहिलं की आठवड्याने उघडलं तरी हात थेट कामाला लागतो. रिझॉल्व्हमध्ये मार्करला १६ रंग मिळतात, मी तीनच वापरतो: दुरुस्तीला लाल, वरून दुसरं दृश्य टाकायचं तिथे पिवळा, संगीताला निळा. जास्त रंग घेतले की कुठला कशाचा हेच शोधत बसावं लागतं.

खरी अडचण पुढे आली. दिग्दर्शकाने सांगितलेल्या सगळ्या दुरुस्त्या मी टाइमलाइनवर मार्करने नोंदवल्या आणि मग सुरुवातीची ४० सेकंदं रिपल डिलीट केली, म्हणजे कापून मोकळी जागाही मिटवली. उरलेल्या क्लिप सुरुवातीकडे सरकल्या, मार्कर जागच्या जागी राहिले. प्रत्येक नोंद आता ४० सेकंद उशिरा येत होती! अनडू करून मागे आलो आणि मेनू धुंडाळले. प्रीमियरच्या मार्कर्स मेनूत 'रिपल सीक्वेन्स मार्कर्स' हा पर्याय आहे. तो चालू असला की कापल्यावर मार्करही सोबत सरकतात.

पण त्याहून कामाची गोष्ट यातून कळली. नोंद एखाद्या शॉटबद्दल असेल तर मार्कर क्लिपवरच हवा. क्लिप निवडून एम दाबलं की तो क्लिपला चिकटतो, ती कुठेही हलवा, बरोबर जातो. प्रकरणांची सुरुवात, लांबीचा हिशेब असल्या एकूण फिल्मच्या नोंदी टाइमलाइनवर. त्यासाठी आधी क्लिपची निवड काढायची. संगीताचे ठोकेही मी संगीताच्या क्लिपवरच टिपतो. गाणं चालू ठेवून एम दाबताना हात चार-पाच फ्रेम मागे पडतो, म्हणून नंतर आवाजाची लहर मोठी करून एकेक खूण ठोक्यावर आणून ठेवतो. कंटाळवाणं आहे, पण मग कट अगदी तालावर बसतात.

काम झालं की तो मार्कर लगेच पुसतो. शेवटच्या रात्री यादीत एकच लाल उरला होता, खुर्चीचा. त्याच खोलीतली रेकॉर्ड केलेली २० सेकंदांची शांतता त्या करकरीवर पसरली, हेडफोन लावून तीनदा ऐकलं आणि मार्कर काढून टाकला.