साक्ष लिहायला बसलात तर

आज मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुणांच्या साक्षी वाचत होते. साक्ष म्हणजे प्रभू येशूनं आपलं आयुष्य कसं बदललं, याची आपल्याच शब्दांतली कहाणी. बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते: दीड पान दारू, भांडणं, आजारपण आणि प्रभू शेवटच्या दोन ओळींत.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा 26 वा अध्याय उघडून ठेवा. प्रेषित पौल अग्रिप्पा राजापुढे आधीचं आयुष्य 4 ते 11 वचनांत सांगतो, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर झालेली येशूची भेट 12 ते 18 मध्ये, पुढचं 19 ते 23 मध्ये. तीन मिनिटं बोलायला साधारण 350 शब्द पुरतात. मधला भाग नेमका लिहा: कुठे होतात, कोणतं वचन काळजाला भिडलं, काय प्रार्थना केलीत. 'जीवन बदललं' एवढ्यावर सोडू नका. अबोला धरलेल्या भावाला फोन केलात ना? तेच लिहा.

घरच्यांबद्दल लिहिण्याआधी त्यांना विचारा. जुन्या धर्माला नावं तर मुळीच ठेवू नका. ऐकणाऱ्याचं मन तिथेच मिटतं.

लहानपणापासून विश्वासात वाढलेल्यांनी ओढूनताणून नाट्य आणू नये. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापासून आला (2 तीमथ्य 1:5). ती साक्षसुद्धा तितकीच मोलाची आहे!

शेवटी मोठ्यानं वाचा. जीभ अडखळेल ते वाक्य तोडा.