मेरीलँडच्या दलदलीत, हॅरिएटसाठी प्रश्न घेऊन

बाविसेक वर्षं मी रेडिओसाठी मुलाखती घेतल्या. कुठेही निघाले की वहीत प्रश्न काढायची सवय त्यामुळे अजून सुटलेली नाही. गेल्या डिसेंबरात वॉशिंग्टनला भाच्याकडे होते. "मावशी, रविवारी कुठे जायचं?" त्याने विचारलं. म्हटलं, हॅरिएट टबमनच्या मुलखात. स्वतः गुलामीतून पळालेली आणि परत येऊन इतर गुलामांना सोडवून नेणारी ही बाई. गाडी चेसापीक उपसागरावरच्या लांबलचक पुलावर चढली तेव्हा दहा प्रश्न लिहून झाले होते. संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळे खोडले गेले.

पहिला होता, "तुम्ही किती जणांना सोडवलंत?" याचं उत्तर चर्च क्रीकच्या संग्रहालयातच मिळतं. 1849 मध्ये स्वतः पळून गेल्यावर सुमारे 13 खेपा, सत्तरेक माणसं. जुनी चरित्रं 300 सांगायची. दुसरा होता, "भीती नाही वाटली?" असं विचारलं की समोरचा माणूस पाठ झालेलं बोलू लागतो. दोन्ही खोडले.

बाहेर ब्लॅकवॉटरची दलदल. नजर जाईल तिथवर पिवळं पडलेलं गवत, मधे शिशाच्या रंगाचं पाणी, आणि मुळाशी खारं पाणी शिरल्याने उभ्या उभ्या वाळलेले पाइन. काठाशी बसून मी मनगटापर्यंत हात पाण्यात घातला. वीस मोजेपर्यंत बोटं ठणकायला लागली.

हॅरिएटचं मूळ नाव अरामिंटा, घरचे मिंटी म्हणत. सहा-सात वर्षांची असताना मालकाने तिला दुसऱ्याकडे भाड्याने दिलं. अंगात गोवर असताना कमरेएवढ्या गार पाण्यात मस्करॅटचे सापळे बघायला पाठवलं जायचं. मस्करॅट म्हणजे घुशीसारखा पाणउंदीर, त्याला कातड्यासाठी धरत. मी लिहिलं: "सापळा पाण्याखाली हाताने चाचपायचात का? रात्री चुलीजवळ जागा मिळायची?"

तिथून बकटाउनचा चौक. लाकडी फळ्यांचं छोटंसं दुकान, भोवती मोकळी शेतं. इथे एका मुकादमाने पळणाऱ्या गुलामावर तराजूचं दोन पौंडांचं वजन फेकलं. ते मिंटीच्या डोक्यात बसलं. कधी न विंचरलेले, टोपलीसारखे पिंजारलेले केस होते म्हणून कदाचित वाचले, असं ती म्हातारपणी सांगायची. पण तेव्हापासून बोलता बोलता एकाएकी तिचा डोळा लागायचा, आणि हे जन्मभर राहिलं. असली बाई रात्रीच्या अंधारात माणसं घेऊन निघायची! प्रश्न आपोआप आला: "मागावर माणसं असताना तुमचा डोळा लागला, तर बरोबरचे काय करायचे? तुम्हाला हलवून उठवायचं कुणाला सुचायचं?"

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचं सगळं बोलणं दुसऱ्यांच्या लेखणीतून आपल्याकडे आलंय, आणि त्या लेखणीने काय गाळलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना तिला भेटल्या होत्या. तिने मला कवटाळलं आणि हात असा काही हलवला की दुखायला लागला, असं त्यांनी लेकीला, मनोरमेला, पत्रात कळवलं. तरुणपणी बापाबरोबर जंगलात लाकूडतोड केलेला तो हात. आपल्या रमाबाईंच्या हातात तो आला होता, या गोष्टीचा मला फार आनंद होतो.

शेवटी प्रेस्टन गावाजवळचं पॉप्लर नेक. चोप्टँक नदीचा काठ, शेतं, झाडांची रांग. बघण्यासारखं खास काही नाही. पण मी आले होते ती इथे येण्यासाठीच.

1854 चा नाताळ. हॅरिएटच्या तीन भावांची विक्री सणानंतर लगेच व्हायची होती. ती त्यांना न्यायला आली आणि सगळे आईबापांच्या खोपटाजवळ कडब्याच्या कोठारात लपले. आईला, रिटला, सांगायची सोय नव्हती. तिने हंबरडा फोडला असता तर सगळ्यांना कळलं असतं. मुलं सणाला जेवायला येणार म्हणून तिने डुक्कर कापलं होतं. दिवसभर ती पुन्हा पुन्हा बाहेर यायची, डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडे बघायची. आणि मुलं फटीतून तिच्याकडे.

बापाला, बेन रॉसला, मात्र कळवलं होतं. त्याने गुपचूप जेवण आणून दिलं, पण मान वर केली नाही. निघताना डोळ्यांवर रुमाल बांधून दोन्ही बाजूंना मुलांचा हात धरून तो थोडी वाट चालला. चौकशीला कुणी आलं, तर "मी त्यांना पाहिलेलं नाही" हे खोटं ठरू नये म्हणून.

1857 मध्ये हॅरिएटने म्हाताऱ्या दोघांनाही सोडवलं. आसाला फळी ठोकलेली जुन्या चाकांची गाडी, गळ्यात पेंढ्याचं जू घातलेला घोडा. पुढे कॅनडात मायलेकी एकत्र होत्या.

मी गाडीला टेकून लिहिलं: "त्या दिवशी आम्ही कोठारात होतो, हे आईला कधी सांगितलंत? ती काय बोलली?"

भाच्याने गाडीचा हीटर लावला होता. मी आत बसले आणि त्याखाली आणखी एक ओळ घातली: "बापाने आणलेल्या जेवणात आईच्या हातचं काय काय होतं?"