डब्यातल्या कार्ट्रिज

उंची मोजण्याच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. आमच्या ओपीडीत मुलगी आली की आधी केसांतली आबोलीची फाती काढायची, डोक्यावर बांधलेली वेणी सोडायची, टाचा नि पाठ फळीला टेकवायची. "बाय, समोर बघ." डोळ्याच्या खोबणीचा खालचा काठ आणि कानाचं भोक एका रेषेत. तीनदा मोजायचं, दर वेळी खाली उतरवून. तेही सकाळीच, कारण संध्याकाळपर्यंत माणूस थोडा खुजा होतो. बाहेरून येणाऱ्या कागदांवर चपलांसकट उंच्या असतात आणि त्यावरून लोक आलेख काढतात. असो.

त्या दिवशी दोघी एकामागोमाग आल्या. दोघी आठ वर्षांच्या, दोघींना टर्नर सिंड्रोम, दोघींच्या रिपोर्टवर ४५,एक्स, म्हणजे एक्स गुणसूत्र एकच. दोघींना वर्षभर रोज रात्री ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन, किलोमागे ५० मायक्रोग्रॅम. पेडण्याहून आलेली ८.२ सेंमी वाढली. सत्तरी तालुक्यातली ४.६.

सत्तरीच्या मुलीच्या आईला मी फैलावर घेतलं. रोज देता ना? चवथीला गावी गेलात तेव्हा? पावसात वीज जाऊन फ्रीज बंद पडतो तेव्हा इंजेक्शनचं पेन कुठे ठेवता? ती गप्प. रेसिडेंटने माझ्या आवाजावरूनच निदान केलं आणि फाइलवर 'डोस चुकतात?' लिहून मोकळा झाला. असलं प्रश्नचिन्ह पुढच्या भेटीपर्यंत गळून पडतं.

मग तिने पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. "मोजा, सिस्टर."

पेनात घालायच्या औषधाच्या नळ्या, ३६ रिकाम्या कार्ट्रिज. वीस किलोच्या पोरीला रोज १ मिग्रॅ. १० मिग्रॅची कार्ट्रिज दहा दिवस पुरते. हिशेब चोख, सदतिसावी पेनात. वीज गेली की पेन थर्मासात, पण फडक्यात गुंडाळून, बर्फाला न लागता, कारण गोठलं की औषध फुकट. हे तिला मीच शिकवलं होतं.

डॉक्टर मॅडमनी मग तिला समजावलं. टर्नरमध्ये उंची खुंटते ती बरीचशी शॉक्स या जनुकाची एक प्रत कमी पडल्याने, आणि ती उणीव दोघींतही आहे. पण हार्मोन पेशीवरच्या ज्या रिसेप्टरला चिकटतं त्याचं जनुक माणसागणिक वेगळं. काहींत त्याचा एक तुकडा, एक्सॉन ३, नसतोच. अशी मुलं औषधाने जास्त वाढतात असं काही अभ्यासांत दिसलं, काहींत नाही. म्हणून तेवढ्यावर डोस ठरवत नाहीत. शिवाय आईबापाची उंची. पेडण्याचा बाप दारातून वाकून आला होता. ही आई माझ्या खांद्याला लागते. इतकी वर्षं हे सगळं ऐकतेय, तरी माझा पहिला संशय आईवरच.

तिचा प्रश्न वेगळाच होता. "सासू म्हणतात, माझ्याकडून आलं."

"कुणाकडून आलेलं नाही. गुणसूत्रांच्या वाटणीत एक गळलं," मॅडम म्हणाल्या. "आणि जो एक्स उरतो तो बहुतेक मुलींत आईचाच असतो."

"म्हणजे आहे तो माझा," ती म्हणाली, आणि पोरीची वेणी घालायला बसली.

रेसिडेंटकडून ती ओळ मी खोडून घेतली. निघताना तिला म्हटलं, रिकाम्या कार्ट्रिज इथेच टाका, आमच्याकडे त्याची वेगळी बादली असते. तिने डबा पिशवीत घातला.

"राहू दे सिस्टर. पुढच्या खेपेला लागतील."