अर्ली डिसिजन करायचं की थांबायचं? नाशिकहून अमेरिकेला अप्लाय करतानाचा माझा अनुभव

बारावीनंतर थेट अमेरिकेत ग्रॅज्युएशनला जाणारी मुलं आपल्याकडे कमीच, आणि त्यातही स्टेट बोर्डाच्या ज्युनियर कॉलेजमधून, भरपूर आर्थिक मदत मिळाली तरच जाता येईल अशा घरातून जाणारी तर फारच कमी, त्यामुळे अर्ली अप्लाय करायचं की नाही हे मराठीत कोणी नीट लिहिलेलं मला तेव्हा सापडलंच नाही. मी २०२४-२५ मध्ये अप्लाय केलं. जिऑलॉजी करायचं हे पक्कं होतं, कुठे करायचं हे नव्हतं.

आधी प्रकार सांगते कारण इथेच गोंधळ होतो. अर्ली डिसिजन म्हणजे एकाच कॉलेजला १ नोव्हेंबरच्या आसपास अर्ज करायचा, डिसेंबरच्या मध्यात निकाल, आणि मिळालं तर जायचंच, बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. अर्ली ॲक्शनमध्ये अर्ज लवकर असतो पण बंधन नसतं, एमआयटीचं असं आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्डचं मधलं काहीतरी असतं, बंधन नाही पण तेव्हा दुसऱ्या खासगी युनिव्हर्सिटीला अर्ली टाकायचं नाही. आणि काही कॉलेजांची अर्ली डिसिजनची दुसरी फेरी असते, अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल फेब्रुवारीच्या मध्यात, बंधन तेच.

माझी आत्या न्यू जर्सीत एडिसनला असते, तिच्या दोन्ही मुलांनी अर्ली डिसिजन केलेलं आणि दोघांनाही मिळालेलं, त्यामुळे तिचा फोन आला की पहिलं वाक्य हेच, अगं टाक की, चान्स डबल होतो. ती चुकीचं सांगत नव्हती, कित्येक कॉलेजं निम्म्याच्या आसपास जागा अर्लीमध्येच भरतात आणि आकडे बघितले तर अर्लीचा टक्का रेग्युलरपेक्षा, म्हणजे जानेवारीच्या सुमारास होणाऱ्या बंधन नसलेल्या नेहमीच्या अर्जांपेक्षा, बराच जास्त दिसतो. पण त्या टक्क्यात खेळाडू असतात ज्यांना कोचने आधीच हेरलेलं असतं, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, त्यांना बाजूला काढल्यावर माझ्यासारखीसाठी नेमकं किती उरतं हे कोणीच छापत नाही. शिवाय तिची मुलं तिथली नागरिक, मी परदेशी आणि वर मदत मागणारी. अमेरिकेतली थोडीच कॉलेजं परदेशी मुलांचा अर्ज बघताना पैशाचा विचार करत नाहीत, जसं हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, २०२२ पासून डार्टमथ आणि बोडन, आणि मी अप्लाय केलं त्या वर्षापासून ब्राऊनपण. बाकी बहुतेक ठिकाणी तुम्ही किती मदत मागताय हे निवड करतानाच बघितलं जातं. माझं मत असं की अशा कॉलेजात अर्लीचा फायदा मदत मागणाऱ्याला होऊ शकतो, कारण मदतीचा पैसा तेव्हा अजून शिल्लक असतो. म्हणजे आत्याच्या सांगण्यात माझ्यासाठीही दम होता, आणि म्हणूनच ठरवणं इतकं अवघड गेलं.

अडचण एकाच वाक्यात होती, किंमत कळायच्या आधी हो म्हणायचं. त्या वर्षी अशा कॉलेजांचा राहण्याजेवणासकट वर्षाचा खर्च ८५ ते ९० हजार डॉलर, म्हणजे ७० ते ७५ लाख रुपये. बाबा सहकारी संस्थेत नोकरीला, आई घरीच शिवणकाम करते. बाबांनी एका रविवारी वही घेऊन बसून आकडा काढला, वर्षाला जास्तीत जास्त ६ लाख, त्यात माझं विमानाचं तिकीटही धरलेलं. मला आजही वाटतं की सगळ्या प्रक्रियेतलं सगळ्यात कामाचं पान तेच होतं, कारण त्यानंतर कोणी काहीही सांगितलं तरी आम्ही ते त्या ६ लाखांशेजारी ठेवून बघायचो.

कॉलेजं म्हणतात आम्ही तुमची पूर्ण गरज भागवू, पण गरज किती हे तेच ठरवतात, घरचं उत्पन्न आणि मालमत्ता विचारणाऱ्या सीएसएस प्रोफाईल नावाच्या फॉर्मवरून. आणि या फॉर्मवर आम्ही अडलो ते आमच्या शेतीपाशी. निफाड तालुक्यात आजोबांची द्राक्षाची जमीन आहे, आजोबा गेल्यावर वारस नोंद होऊन सातबाऱ्यावर बाबा, दोन्ही काका आणि आत्या अशी चौघांची नावं लागली, वाटप झालेलं नाही, कसतात मोठे काका. फॉर्म विचारतो शेतीची आजची किंमत किती आणि तुमचा हिस्सा किती. आता निफाडकडे बाजारभाव विचारला तर माणूस असा आकडा सांगतो की तो फॉर्मवर लिहिला तर समोरच्याला वाटेल यांना मदत कशाला हवी, आणि प्रत्यक्षात त्या जमिनीतून आमच्या घरी येतं काय तर वर्षाला थोडे बेदाणे आणि कधीमधी काका देतील ते पैसे, अवकाळी झाली की तेही नाही. विकायची म्हटली तर चौघांच्या सह्या लागतील आणि काकांचं घरच त्यावर चालतं. एडिसनला बसलेल्या, मला अर्ली टाक म्हणणाऱ्या आत्याचंही नाव त्याच सातबाऱ्यावर, हे तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प बसली आणि मग म्हणाली, हे मला कधी भरावंच लागलं नव्हतं गं, आमचा फक्त पगार होता.

मी ज्या कॉलेजला अर्ली टाकायचा विचार करत होते (नाव लिहीत नाही, मोठं नाव आहे) त्यांच्या एड ऑफिसला, म्हणजे आर्थिक मदत ठरवणाऱ्या विभागाला, मेल केला की मदतीचा अंदाज देता का. उत्तर सभ्य होतं आणि लगेच आलं, आधी अंदाज देता येत नाही, पण ॲडमिशन मिळून मदत पुरेशी नसेल तर तुम्ही नकार देऊ शकता. हे खरंच आहे, अर्ली डिसिजनच्या नियमातच ती सोय आहे, मदतीमुळे येणं शक्य होत नसेल तर बंधनातून मोकळं करतात. त्यामुळे अर्ली केलं की पैशाबाबत हात बांधले जातात असं जे सांगतात ते पूर्ण खरं नाही. पण बाकी कॉलेजांची पत्रं शेजारी ठेवून तुलना करता येत नाही हे मात्र पूर्ण खरं, आणि डिसेंबरच्या मध्यात नकार दिलात तर रेग्युलरच्या अर्जांना हातात जेमतेम दोन आठवडे राहतात.

मग कॉलेजची सही. अर्ली डिसिजनच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात. आमच्याकडे काउन्सेलर नावाचं पदच नाही, त्यामुळे उपप्राचार्य मॅडम माझ्या काउन्सेलर. मॅडमनी तो करार प्रिंट काढून आणायला सांगितला, चष्मा लावून सगळा वाचला, बंधनाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "उद्या तुम्ही नाही म्हणालात तर पुढच्या वर्षी आपल्या कॉलेजमधून जे पोरगं अर्ज करेल त्याच्याकडे ते कसे बघतील?" हा प्रश्न मला कुठल्याच व्हिडिओत ऐकायला मिळाला नव्हता. त्या म्हणाल्या मी सही करते, पण तू आणि तुझे बाबा नक्की हो म्हणणार असाल तरच. मला मॅडमचं ते फार पटलं, कारण आमच्या कॉलेजमधून याआधी असा अर्ज कोणी केलाच नव्हता, जे काही नाव व्हायचं ते माझ्यापासून.

त्या वर्षी १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. घरात सगळे जमलेले, मोठे काका म्हणाले टाकून दे, आधी ॲडमिशन तर मिळू दे, पैशाचं बघू. आईचं म्हणणं उलट, सही केली की आपण पाळतो, म्हणून सही करायच्या आधीच काय ते बघ. मी अर्ज भरलेला होता, निबंध मात्र मला आवडत नव्हता, त्यात मी कोणीतरी दुसरीच मुलगी वाटत होते, आणि एसएटी या अमेरिकन प्रवेश परीक्षेत ऑक्टोबरमध्ये मॅथ्सच्या भागाला वेळ पुरला नव्हता. संध्याकाळी पूजा झाल्यावर बाबांना म्हटलं, मी आज नाही टाकत. ते म्हणाले ठीक आहे, मग जानेवारीपर्यंतचं कसं करणार ते लिहून दाखव.

तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काय केलं ते सांगते, कारण थांबायचं ठरवलं तर ते दिवस वापरले पाहिजेत, नाहीतर थांबण्याला अर्थ नाही. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो तो काढला, नोंदणी विभागाच्या साइटवर गावानुसार रेडी रेकनरचे दर असतात त्यावरून किंमत काढली, चौथा हिस्सा धरला, आणि फॉर्ममध्ये खास परिस्थिती लिहायची जागा असते तिथे साध्या इंग्रजीत लिहिलं की जमीन सामाईक आहे, वाटप नाही, कसतात काका, उत्पन्न एवढं. सातबाऱ्याचं भाषांतर करून जोडलं. भाषांतरात पोटखराबा कसा लिहायचा यावर मी आणि बाबा अर्धी रात्र बसलो होतो, शेवटी सरळ लिहिलं, लागवडीला अयोग्य क्षेत्र. डिसेंबरमध्ये एसएटी परत दिली. निबंध पूर्ण नवा लिहिला, आमच्या मळ्यातल्या बोअरबद्दल, काळ्या बेसॉल्टच्या थरांत पाणी एका ठिकाणी लागतं आणि शंभर पावलांवर लागत नाही, ते का हे मला लहानपणापासून समजून घ्यायचं होतं आणि त्यातूनच मी जिऑलॉजीकडे आले.

आणि यात एक गोष्ट अशी झाली की माझं कॉलेजच बदललं. जिऑलॉजीच्या मुलांना फील्ड कॅम्पला, म्हणजे बाहेर राहून खडकांचा अभ्यास करायला, जावं लागतं आणि त्याचा खर्च बऱ्याच ठिकाणी वेगळा असतो, म्हणून मी सगळीकडे मेल करून विचारत होते की हा खर्च मदतीत धरता का. मोठ्या नावाच्या कॉलेजने वेबसाइटची लिंक पाठवली. एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजच्या प्राध्यापिकेने स्वतः उत्तर दिलं, डिपार्टमेंटकडे त्यासाठी वेगळा निधी आहे हे सांगितलं, आणि मला उलट विचारलं की नाशिकजवळचा बेसॉल्ट ताजा तुटला की कसा दिसतो, फोटो पाठवशील का. मी पाठवले. पुढे त्यांच्या दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींशी झूमवर बोलले, त्यातली एक नेपाळची होती, तिने मदतीच्या पत्रात काय काय धरतात आणि काय धरत नाहीत ते एकेक करून सांगितलं, हेल्थ इन्शुरन्स आपला की त्यांचा हे विचार असं तिनेच सांगितलं. त्या कॉलेजला अर्ली डिसिजनची दुसरी फेरी होती. जानेवारीच्या सुरुवातीला मी तिथे बंधनाचा अर्ज टाकला, मॅडमनी यावेळी एकही प्रश्न न विचारता सही केली. बाकी ठिकाणी रेग्युलर.

याची किंमतही मोजली, ती लपवत नाही. २२ जानेवारीपासून जेईई मेन, ११ फेब्रुवारीपासून बारावीचे पेपर, आणि निकाल फेब्रुवारीच्या मध्यात, म्हणजे ऐन पेपरांच्या मध्ये. पहिल्या फेरीत टाकून मिळालं असतं तर हे सगळं डिसेंबरमध्येच संपलं असतं आणि मी शांतपणे बोर्डाचा अभ्यास केला असता. निकालाच्या आदल्या दिवशी फिजिक्सच्या डेरिव्हेशन डोक्यात शिरतच नव्हत्या, आईने फोन काढून घेतला आणि स्वतःच्या कपाटात ठेवला.

मिळालं. मदतीचं पत्र सोबतच होतं, आम्हाला भरायची रक्कम ६ लाखांच्या थोडी वर होती, आणि बाबांनी त्याच वहीत ती रक्कम लिहून खाली तिकीट, व्हिसा फी, इन्शुरन्स अशी बेरीज केली. मग एड ऑफिसला एक मेल लिहिला की विमानखर्चाचा विचार होऊ शकेल का, त्यांनी थोडी रक्कम वाढवली, आणि बाबा हो म्हणाले. मी बाकीच्या सगळ्या कॉलेजांना अर्ज मागे घेत असल्याचं कळवलं आणि केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं.

या वर्षी माझा मामेभाऊ याच प्रश्नाशी आलाय आणि त्याला मी पहिल्याच फेरीत टाक म्हणून सांगितलंय. मामा-मामी दोघंही शिक्षक, फॉर्म १६ वर सगळं दिसतं, जमीन नाही, एसएटी ऑगस्टमध्येच मनासारखी झालीये, आणि पठ्ठ्या दहावीपासून एकाच कॉलेजचं नाव घेतोय. फक्त मामांना म्हटलं, आधी वही काढा आणि तुमचा आकडा लिहा, मगच त्या करारावर सही करा.