दुधाचं बिल माझ्या नावावर येईपर्यंत

आमचा दुधाचा गट सुरू होऊन महिनाही झाला नव्हता आणि एक अख्खा कॅन परत आला. चाळीस लिटरचा. झाकण उघडताच आंबूस वास आला. वाटीभर उकळून पाहिलं तर लगेच फाटलं. त्या कॅनमध्ये नऊ घरांचं दूध होतं. कोणाचं बिघडलेलं होतं ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून नऊच्या नऊ घरांचा दिवस बुडाला. त्या सकाळी सगळ्या एकमेकींच्या चरव्यांकडे ज्या नजरेने बघत होत्या, ती आठवली की अजून कसंसंच होतं.

त्याआधी आमच्याकडचं दूध दारावर मापाने जायचं. घेणारा सकाळी यायचा, माप भरायचा, वहीत आकडा टाकायचा. पातळ दूध असो वा घट्ट, दर एकच. हिशोब त्याच्या वहीत, आणि बाकी नेहमी आमच्याच अंगावर, कारण अडीनडीला उचल घेतलेली असायची. उचल फिटेपर्यंत दूध दुसरीकडे घालायचं नाही, हे न बोलता ठरलेलं. त्याला सरसकट लुबाडणारा म्हणणंही मला पटत नाही. गाय अडली तेव्हा मध्यरात्री पैसे त्यानेच दिले होते. कागद न मागता.

गट कशासाठी, तर दोन गायांच्या सहा-सात लिटरसाठी कोणतीही गाडी वाट वाकडी करत नाही. थंड करायची टाकी चालवायची तर ती भरायलाही दूध लागतं. पंधरा घरांनी मिळून घातलं तरच दूध संकलन केंद्रवाले बोलायला तयार होते. हे सगळ्यांना लवकर पटलं. अडलं ते फॉर्मवर. सभासद कोण, तर जनावर ज्याच्या नावावर तो. गाया यांच्या नावावर. वैरण, शेण, धार, वासरू सगळं माझ्याकडे, आणि बिल जाणार यांच्या खात्यात.

मी भांडले नाही. एवढंच म्हटलं, "अहो, सही तुमची असेल तर उद्यापासून धारही तुम्हीच काढा." दुसऱ्या दिवशी हे बसले. गाय बिथरली, पान्हा चोरला, चरवीचा तळही झाकला नाही. त्यात गायीचा हट्ट नसतो. घाबरलेल्या जनावराचं दूध कासेत असूनही उतरत नाही, आणि पान्हा सुटला तरी तो पाच-सात मिनिटंच टिकतो. सासूबाई ओट्यावरून हसत होत्या. त्यांनीच सांगितलं, "दे रे बाबा लिहून तिच्या नावाने." केंद्राने यांचं संमतीपत्र घेतलं आणि मला सभासद केलं. खातं उघडायला मात्र दोन महिने आणि चार हेलपाटे लागले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तो कॅन परत आल्यावर ठरलं, की कॅनमध्ये ओतायच्या आधी प्रत्येक घरच्या दुधाचा नमुना वेगळ्या बाटलीत घ्यायचा. बाटलीवर सभासद क्रमांक. मला आकडेमोड बरी यायची, म्हणून तपासणीचं काम माझ्याकडे आलं. केंद्रात आठवडाभर शिकले. आधी लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाचा दाटपणा मोजायची तरंगती काचेची नळी. दूध कोमट असेल तर डिग्री कमी दिसते, म्हणून तापमान बघून दुरुस्ती करायची. पाणी घातलं की डिग्री उतरते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण साय काढली की ती चढते, म्हणजे साय काढून पाणी घातलं तर आकडा बरोबर येतो! म्हणून नुसत्या लॅक्टोमीटरवर भागत नाही, फॅटही (दुधातली चरबी) मोजावी लागते. गर्बर पद्धतीत काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये आधी 10 मिली सल्फ्युरिक ॲसिड, मग कडेने हळूच 10.75 मिली दूध, वर 1 मिली अमाईल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी हाताला चटका देते. मग ती यंत्रात गरगर फिरवायची, 65 अंशाच्या पाण्यात ठेवायची आणि वर आलेला पिवळा थर मोजायचा. पहिल्या दिवशी माझ्या पदराला ॲसिडने दोन भोकं पडली. तो पदर मी अजून तपासणीच्या वेळीच वापरते.

आणि पहिल्याच तपासणीत सगळ्यात कमी फॅट निघाली माझ्या दुधाची.

मला आधी यंत्रावर संशय आला, मग नमुन्यावर. साय वर तरंगते, म्हणून नीट न ढवळता घेतलेला नमुना खोटा निघतो. पुन्हा ढवळून घेतला, तोच आकडा. उत्तर गोठ्यातच होतं. मी आधी धार काढायचे आणि शेवटचं दूध वासरासाठी सोडायचे, आईने तसंच शिकवलेलं. पण पहिल्या धारांत फॅट अगदी कमी असते आणि शेवटच्या पिळांत कितीतरी पट जास्त. म्हणजे मलई वासरू पीत होतं आणि केंद्राला मी पातळ भाग घालत होते. आता वासराला आधी मोजून पाजते आणि कास शेवटपर्यंत रिकामी करते. दुसरी चूक खाण्यातली. दूध वाढावं म्हणून पेंड वाढवली होती आणि सुकी वैरण आखडली होती. तंतुमय चारा कमी पडला की फॅट घसरते. आणि पाणी. दिवसातून दोनदा बादली दाखवायचे, तेवढंच. दुधात सत्त्याऐंशी टक्के पाणीच असतं, हे केंद्रात ऐकल्यावर गव्हाणीशेजारी टाकी बांधली. चार दिवसांत दूध वाढलं. एवढा साधा उपाय इतकी वर्षं कोणी कसा सांगितला नाही, याचा राग आला.

कॅन नासण्याचं कारणही हळूहळू सापडलं. चोरी नव्हती, वेळ होता. ताज्या दुधात जंतूंना थोपवून धरायची थोडी ताकद असते, पण ती काही तासच. उन्हात कॅन उभा राहिला की जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकतात. आमचा कॅन गाडीची वाट बघत झाडाखाली पडून असायचा, आणि एका घरी तर प्लास्टिकच्या जुन्या डब्यातून दूध यायचं. त्याचे कोपरे कधीच स्वच्छ होत नाहीत. आता चरव्या स्टीलच्याच, धुऊन उन्हात पालथ्या. पहिल्या दोन धारा काळ्या कापडावर टाकून बघायच्या. गाठी दिसल्या तर कासदाह, म्हणजे कासेचा आजार, ते दूध बाजूला. अँटिबायोटिक दिलेल्या गायीचं दूध डॉक्टर सांगतील तेवढे दिवस कॅनमध्ये नाही. हा नियम सगळ्यात जड गेला. गाय आजारी, औषधाचा खर्च, आणि वर दूधही ओतून द्यायचं.

एका गोष्टीबद्दल मला अजून खात्री वाटत नाही. पूर्वी दारावरचा माणूस फक्त सकाळी यायचा, म्हणून संध्याकाळचं दूध घरात राहायचं. पोरांच्या पोटात जायचं, थोडं शेजारी दिलं जायचं. सकाळ ते संध्याकाळ अंतर कमी असल्यामुळे ते बहुधा जरा घट्टही असतं. केंद्राने दोन्ही वेळचं घ्यायला सुरुवात केली आणि बिल वाढलं. तिसऱ्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या, "दोन गायांचं घर आणि धाकट्याला दूध नाही होय गं?" मी वही उघडली. खरंच, एक थेंब घरी ठेवला नव्हता. तेव्हापासून संध्याकाळी आधी घरचं पातेलं, मग केंद्राची चरवी. गटातल्या सगळ्यांना हे परवडत नाही.

मधे चार महिने बिल जवळजवळ बंद पडलं, कारण माझ्या दोन्ही गाया एकाच वेळी आटल्या होत्या. व्यायच्या आधी साठ दिवस आटवायलाच हव्यात, नाहीतर पुढचं वेत मार खातं. पण दोघींचा हिशोब एकाच महिन्यात यायला नको होता. गाभण काळ सुमारे 280 दिवसांचा, माज दर 21 दिवसांनी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून आता दोघींची वेतं पुढे-मागे ठेवते.

त्या चार महिन्यांत मला उचल हवी होती. गटाने दर लिटरमागे थोडी कपात ठेवली आहे, अडचणीला द्यायला. ती रक्कम तेव्हा दोन घरांना पुरली, मला नाही. मी दागिना ठेवला. पलीकडच्या काकूंकडे दागिना नव्हता. त्या जुन्या माणसाकडे गेल्या, आणि त्याने पूर्वीसारखेच पैसे दिले, कागद न मागता. आता त्या सकाळचं दूध गटात घालतात आणि संध्याकाळचं त्याच्या मापात. नियमाने मी हे बैठकीत सांगायला हवं. त्यांच्या बाटलीवर मी रोज सकाळी क्रमांक लिहिते आणि संध्याकाळचा रकाना कोरा ठेवते.