आईला घेऊन अँटिपारोसच्या गुहेत उतरले, त्याचा अनुभव

आई ७१ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखणारे. त्यामुळे ग्रीसला जायचं ठरल्यावर अँटिपारोस बेटावरची चुनखडीची गुहा मी यादीतून काढूनच टाकली होती. आत चारशेहून जास्त पायऱ्या आहेत. पण आईने आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. "लवणस्तंभ फळ्यावर किती वर्षं काढले गं, बघितला मात्र एकही नाही," एवढंच ती म्हणाली. मग मी पुन्हा काही बोलले नाही.

पारोस बेटावरच्या पुंता धक्क्यावरून फेरीबोटीने दहाएक मिनिटांत अँटिपारोस, पुढे गुहेपर्यंत बस. गुहेच्या तोंडाशी सेंट जॉनचं पांढरंशुभ्र छोटं चर्च आहे. तिथे बसून आईने गुडघ्यांना पट्टे बांधले.

डॉक्टरांनी निघण्याआधीच सांगितलं होतं की चढताना दम लागेल, पण गुडघ्यांवर खरा भार उतरताना येतो. उतरताना जास्त दुखरा पाय आधी टाकायचा, चढताना बरा पाय आधी. आई आडवी होऊन, दोन्ही हातांनी कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. पंचवीस झाल्या की थांबायचं. एक चूक माझी झाली. मी तिला सँडल घालू दिले होते. ओल्या पायरीवर तिचा पाय सरकला आणि माझ्या छातीत धस्स झालं. तिथेच बसून माझे बूट तिला दिले, तिचे सँडल मी घातले.

प्रत्येक थांब्यावर आई शिकवत होती. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरतं, वाटेतली चुनखडी विरघळवतं. गुहेत तो वायू उडून जातो आणि थेंबामागे चुन्याचा कण उरतो, असे कण साचत साचत लवणस्तंभ होतात. आपल्या बेसॉल्टमध्ये लेणी माणसाने छिन्नीने कोरली, इथे सगळं पाण्याने केलंय. वरून लोंबणाऱ्या एका टोकावर थेंब फुगत होता, तो सुटेपर्यंत ती हलली नाही. १७०० साली इथे आलेल्या तूर्नफोर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला वाटलं होतं की हे दगड झाडांसारखे वाढतात. ते ऐकून आई म्हणाली, "बघणाऱ्याला तसंच वाटणार."

तळाशी एका जाड स्तंभावर लॅटिन अक्षरं कोरलेली आहेत. १६७३ च्या नाताळात ऑटोमन दरबारातला फ्रेंच राजदूत मार्की द न्वांतेल याने शेकडो माणसांसह इथे मध्यरात्रीची प्रार्थना केली होती. त्या काळी लोक दोर आणि शिड्यांवरून उतरत. "म्हणजे महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी," आई लगेच म्हणाली. लोकांनी स्तंभांवर आपापली नावंही कोरून ठेवली आहेत. त्याचं मला फार वाईट वाटलं. नुसता हात लावला तरी त्वचेचं तेल लागून तिथली वाढ अडते.

चढायला उतरण्यापेक्षा कमी त्रास झाला, वेळ मात्र दुप्पट लागला. मागून येणाऱ्यांना आम्ही वाट देत राहिलो, कुणी घाई केली नाही. वर चर्चच्या ओट्यावर बसल्यावर दिसलं, आईच्या चष्म्यावर आत पडलेला एक थेंब सुकून त्याचं पांढरं कडं झालं होतं. मी पुसायला रुमाल काढला.

"राहू दे," ती म्हणाली, आणि चष्मा तसाच केसमध्ये ठेवला.