बर्फातल्या ट्रेलवर ट्रक आणि रात्रीची जागा

बर्फात ट्रक घेऊन वर मुक्कामाला जायचं म्हणलं की पहिला प्रश्न येतो गाडी फोर बाय फोर आहे का, मग टायर कुठले, गाडी उंच करायचं लिफ्ट किट टाकलंय का, विंच म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र आहे का. हे सगळं लागतंच, वाद नाही. पण माझ्या मते त्याच्यापेक्षा मोठा प्रश्न आहे की संध्याकाळी गाडी उभी कुठे करणार. दिवसा काही झालं तर उजेड असतो, अंगात ऊब असते, फावडं हातात घेऊन निस्तरता येतं. रात्री जागा चुकली तर मात्र सकाळपर्यंत काहीच करता येत नाही, आणि सकाळी गाडी निघेल की नाही हेसुद्धा त्या जागेवरच ठरतं. यावेळच्या ट्रीपमध्ये हे इतकं जवळून बघायला मिळालं की म्हणलं सविस्तर लिहावं.

दोन ट्रक होते. आमचा डिझेल पिकअप, मागच्या हौद्यावर कॅनपी म्हणजे बंद टप आणि आत झोपायला प्लायवूडचा प्लॅटफॉर्म, खाली सामानाचे खण. दुसरा दादा-वहिनीचा, त्याच्यावर रूफटॉप टेंट. बर्फात एकट्या गाडीने मी तरी जाणार नाही आणि कोणाला सांगणारही नाही, कारण अडकलेल्या ट्रकला बाहेर काढायला दुसऱ्या ट्रकासारखं साधन नाही. वर मोबाईलला रेंज नसते म्हणून सॅटेलाइट मेसेंजर आणि दोन्ही गाड्यांत वॉकीटॉकी. हिमस्खलनाचं बुलेटिन आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या सकाळी, असं दोन्ही वेळा वाचलं. ते धोका जास्त म्हणत असेल तर निघायचंच नाही हे आमचं आधीपासून ठरलेलं.

डांबरी रस्ता संपला तिथे थांबून आधी टायरची हवा कमी केली. रस्त्यावर 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असते ती 18 वर आणली, पुढे बर्फ मऊ लागला तर 15 पर्यंत जायची तयारी होती. हवा कमी केली की टायर जमिनीला लांबलचक टेकतो, वजन पसरतं आणि गाडी बर्फात खाली न जाता वर राहते. फार कमी केली तर वळताना टायर रिमवरून निसटू शकतो, साध्या रिमवर 12 च्या खाली जायची हिंमत आम्ही करत नाही. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, थंडीने हवा आपोआप पण उतरते, तापमान साडेपाच-सहा अंशांनी पडलं की अंदाजे 1 पीएसआय गेलीच म्हणून समजा, त्यामुळे खाली उन्हात मोजलेला आकडा वर रात्री तोच नसतो.

सुरुवातीचा रस्ता देवदारासारख्या उंच झाडांतून जाणारा, सावलीतला, बर्फ कोरडा आणि चाकाखाली करकर वाजणारा. असा आवाज आला की जीवाला बरं वाटतं, कारण कोरड्या बर्फात पकड चांगली मिळते. फोर-लो म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा हळू चालीचा गिअर, त्यात दुसरा गिअर, पाय अगदी हलका आणि ब्रेकला जमेल तेवढा हातच लावायचा नाही, म्हणजे पायच लावायचा नाही. दुपारनंतर ऊन लागलेल्या उताराला आलो तर तोच बर्फ ओला आणि जड झालेला, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी जरा उशिराच ऐकायची. तिथे चारही चाकांना चेन लावल्या. चेन लावल्यावर थोडं अंतर जाऊन परत उतरून घट्ट कराव्या लागतात, हे कंटाळवाणं काम आहे पण सैल चेन ब्रेकच्या पाइपवर आपटली तर ट्रीप तिथेच संपते.

पुढे एका वळणावर वाऱ्याने बर्फ आणून टाकलेला, रस्त्याच्या आडवा चांगला मांडीपर्यंतचा ढीग. नवरा उतरून काठीने खुपसत खुपसत पलीकडे जाऊन आला, कडेचा भाग कुठे आहे ते बघून आला कारण वरून सगळं सपाट दिसतं आणि खाली रस्ता आहे की नुसतीच हवा ते कळत नाही. आमचा ट्रक कसाबसा गेला. दादाचा मधोमध बसला. चाकं फिरतायत पण गाडी जागची हलत नाही, कारण पोटाखाली बर्फ दाबला जाऊन ट्रक त्याच्यावर टेकलेला आणि चाकांवर वजनच नाही. मी वॉकीटॉकीवर म्हणलं, "दादा, आता ॲक्सिलरेटर देऊ नको, होता तसाच थांब." तो म्हणाला, "थांबलोय गं, फावडं घेऊन या."

मग फावडं. लोक चाकाच्या पुढचा बर्फ काढत बसतात, पण खरं काम असतं पोटाखालचा काढायचं, डिफरन्शियलच्या म्हणजे एक्सलच्या मधल्या फुगीर भागाच्या पुढचा, एक्सलच्या खालचा. बर्फात आडवं पडून, हात आत घालून, खरवडून खरवडून. ग्लोव्हज ओले होतात म्हणून जास्तीची जोडी कोटाच्या आत अंगाशी ठेवायची. तासभर तरी गेला असेल. मग चाकांसमोर ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे पकड देणाऱ्या खडबडीत फळ्या, सरकवले, आमच्या ट्रकाला कायनेटिक रोप लावला, तो ताणला जाऊन रबरासारखी ओढ देतो त्यामुळे झटका बसत नाही. रोप दोन्हीकडे चासीच्या रिकव्हरी पॉइंटलाच, म्हणजे ओढण्यासाठीच असलेल्या मजबूत जागेला, आणि सॉफ्ट शॅकलने, म्हणजे दोराच्या कडीने. टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, अडकवून कधीही ओढू नका, तो तुटला तर गोळीसारखा उडतो आणि यात माणसं मेलेली आहेत. ओढताना वहिनी आणि नवरा दोघं रोपाच्या लांबीपेक्षा बरेच लांब, झाडामागे. दुसऱ्या ओढीला ट्रक सुटला.

आता उजेड जायला फार वेळ नव्हता आणि पुढे दरीच्या तळाशी एक मोकळं मैदान लागलं. काय सांगू, इतकी सुंदर जागा. मधून ओढा, अर्धा गोठलेला, तिन्ही बाजूंनी डोंगर, शेवटचं ऊन वरच्या कड्यांवर. वहिनी उतरली आणि म्हणाली, "वन्सं, इथेच राहूया ना, एवढी जागा सोडून कुठे जायचं!" मलाही तसंच वाटत होतं खरं सांगायचं तर. पण नवऱ्याने मोबाईलमधल्या क्लिनोमीटरने समोरचा उतार मोजला, 36-37 अंश. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात, त्याहून सपाट असेल तर बर्फ सहसा सरकत नाही आणि फारच उभा असेल तर तो साठतच नाही, आधीच थोडा थोडा गळत राहतो. म्हणजे हा उतार बरोबर मधला. त्यात मैदानाच्या कडेच्या झाडांना डोंगराकडच्या बाजूने फांद्याच नव्हत्या, खालच्या बाजूने होत्या, आणि काही कोवळी झाडं सगळी एकाच दिशेला वाकलेली. वरून पूर्वी बर्फ इथपर्यंत आलेला आहे हे ती झाडंच सांगत होती. बुलेटिन धोका कमी म्हणत असलं तरी रात्रभर अशा उताराखाली झोपायचं नाही, यावर चौघांचं लगेच एकमत झालं.

दुसरं कारण थंडीचं. थंड हवा जड असते, वारा नसलेल्या निरभ्र रात्री ती उतारांवरून ओघळून तळाला येऊन साठते, त्यामुळे दरीतली मैदानं रात्री सगळ्यात गार. म्हणून आलो त्याच वाटेने जरा मागे गेलो, तिथे उताराच्या मध्येच एक सपाट टप्पा होता, मागे दाट जुनं जंगल, वरचा उतार सौम्य. वाळकी, उभ्या उभ्या मेलेली झाडं आजूबाजूला नाहीत ना ते बघितलं, बर्फाच्या वजनाने ती रात्रीतून पडतात. फांद्यांवर बर्फाचे गठ्ठे होते म्हणून थेट झाडाखालीही नाही, जरा अलीकडे.

ट्रक उभा करण्यात पण किती गोष्टी असतात बघा. तोंड परतीच्या दिशेला आणि किंचित उताराला, म्हणजे सकाळी निघताना गाडी आपल्या वजनाने सुटते. एक्झॉस्टच्या मागचा बर्फ साफ, काहीही असो. उभा करण्याआधी जागा पुढे-मागे करून चाकांनी दाबून घेतली, आणि मग चाकं ट्रॅक्शन बोर्डांवर चढवून ठेवली कारण चालून आलेले टायर गरम असतात, खालचा बर्फ वितळतो आणि रात्री त्याचा काचेसारखा गुळगुळीत खड्डा होतो. हँडब्रेक ओढला नाही, ओला ब्रेक गोठून चिकटतो, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि चाकांना लाकडी ठोकळे लावले. वायपर काचेपासून उचलून ठेवले. दाराच्या रबरांना सिलिकॉन आधीच चोळून आणलं होतं. डिझेलमध्ये थंडीत मेण धरायला लागतं आणि फिल्टर बंद होतो, त्याचं ॲडिटिव्ह डिझेल गढूळ व्हायच्या आधी टाकलं तरच कामाचं, म्हणून ते खालीच टाकीत घातलेलं.

स्वयंपाकाचं फार काही सांगण्यासारखं नाही, गरम आणि भरपूर खाल्लं एवढंच. गॅसचं सांगते. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे त्याच्याहून थंड असलं की डब्यातून बाहेरच येत नाही. प्रोपेन उणे 42 ला, त्यामुळे बर्फात प्रोपेनचा सिलिंडर. पाण्यासाठी बर्फ वितळवला, भांड्यात तळाला आधी थोडं पाणी हवंच, नाहीतर कोरडा बर्फ भांड्याला करपल्यासारखा वास आणतो. ताज्या हलक्या बर्फाचं 10 भांडी घ्या तेव्हा 1 भांडं पाणी निघतं, म्हणून वहिनीने वरवरचा न घेता खालचा दाबलेला बर्फ खणून घेतला, त्याचं पाणी बरंच जास्त निघतं. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवल्या, बर्फ वरून धरायला लागतो त्यामुळे झाकण मोकळं राहतं.

रात्र. तारे वगैरे होतेच, पण मला सांगायचंय ते ओलाव्याचं. दोन माणसं रात्रभर बंद जागेत श्वास घेणार, ती सगळी वाफ थंड पत्र्यावर जाऊन बसणार. म्हणून समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवायच्या, कितीही थंडी वाटली तरी. खिडक्या लावून घेतल्या तर झोपेतच अंथरूण दमट होतं आणि दमट स्लीपिंग बॅग ऊब धरत नाही. इंजिन चालू ठेवून झोपायचा तर विचारही नको, आत स्टोव्हही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि एक्झॉस्ट बर्फाने झाकला गेला तर तो सरळ गाडीत शिरतो. अलार्म आमच्या डोक्याशी होता आणि दादाच्या टेंटमध्येही.

आणि खालून लागणारी थंडी! वर कितीही पांघरा, पाठीखाली काही नसेल तर उपयोग नाही, कारण बॅगेतलं कृत्रिम धाग्यांचं किंवा पिसांचं भरण आपल्या वजनाने दाबलं जातं. ट्रकात तर प्लॅटफॉर्मच्या खालून पण हवा खेळते. म्हणून खाली फोमची चटई आणि वर हवेची गादी, दोघांची आर-व्हॅल्यू (थंडी अडवायच्या क्षमतेचं माप, जास्त तेवढं चांगलं) मिळून 7 च्या आसपास. स्लीपिंग बॅगवर कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते तापमान) आणि लिमिट (जेमतेम निभावेल ते तापमान) असे दोन आकडे असतात, घेताना कम्फर्टचाच बघा. झोपताना उकळत्या पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून पायाशी, पहाटेपर्यंत कोमट होती. पॉवर स्टेशन, म्हणजे विजेसाठीची मोठी लिथियम बॅटरी, चादरीत गुंडाळून आत घेतलं, लिथियम बॅटरी शून्याच्या खाली चार्ज केली तर कायमची खराब होते.

सकाळी उठले तर कॅनपीच्या छताला आतून पांढरं दव गोठलेलं, बोट लावलं की भुरूभुरू खाली. खिडक्या उघड्या असून एवढं. ते वितळायच्या आधीच फडक्याने झटकून बाहेर टाकलं, वितळलं की अंथरुणात. थर्मामीटर उणे 11. मग मी आणि नवरा मुद्दाम तोच थर्मामीटर घेऊन मैदानापर्यंत चालत गेलो, तिथे उणे 17, गवताच्या प्रत्येक काडीवर बोटभर लांब बर्फाचे काटे आणि ओढ्यावर धुकं. एवढ्याशा उंचीचा सहा अंशांचा फरक. दादाला सांगितलं तर तो स्वतः जाऊन बघून आला.

ट्रक पहिल्या प्रयत्नात सुरू झाला नाही, थोडा वेळ ग्लो प्लग (डिझेल इंजिन सुरू व्हायला आतून गरम करणारे प्लग) तापू दिले, दुसऱ्यांदा झाला. कडक थंडीत साध्या बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते आणि इंजिन ऑइल पण जाड, म्हणून रात्री बॅटरीवर दिवेबिवे काही लावून ठेवलं नव्हतं. मग घाई न करता इंजिन गरम होऊ दिलं आणि लगेच निघालो, कारण सकाळी बर्फावर कडक पापुद्रा असतो, तो गाडीचं वजन पुष्कळ पेलतो, उशीर केला की परत कालचा ओला बर्फ. बोर्डांवरून ट्रक अलगद सुटला. कालचा ढीग आमच्याच चाकोऱ्यांनी गोठून पक्का झालेला, चेन त्याच्यात रुतत होत्या, दोन्ही गाड्या न थांबता पलीकडे. उतार सगळा इंजिन ब्रेकिंगवर, फोर-लो आणि पहिला गिअर, दोन गाड्यांत भरपूर अंतर आणि पुढची गाडी वळण पार करून "झालं" म्हणेपर्यंत मागचीने सुटायचं नाही.

डांबर लागल्यावर चेन काढल्या, कॉम्प्रेसर लावून परत 35 केले. हे कंटाळा आला तरी तिथल्या तिथेच करायचं, कमी हवेवर हायवेचा स्पीड धरला तर टायरच्या बाजू तापून फुटतात. रस्त्यावर मीठ टाकलेलं होतं, त्यामुळे घरी पोचल्यावर पहिलं काम दोन्ही ट्रकांची चासी खालून प्रेशरने धुणं, आणि गाद्या-बॅगा दोन दिवस उघड्यावर वाळत.